श्रमिकांच्या जिवाचे राखणदार

जुन्नरच्या डोंगरांत कोरलेल्या लेण्यांतून जे प्राचीन शिलालेख आहेत, त्यांतील एकांत फार थोड्या शब्दांची एक नोंद आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें आणि पाण्याचें टाकें दान केलें, एवढीच ती हकीकत. दुसऱ्या एका लेखांत बुरूड व कासार यांच्या श्रेणींकडे ठेविलेल्या ठेवींचा उल्लेख येतो. त्या व्यापाऱ्यांनीं नाणेघाटांतून किती माल उतरविला, त्यांत त्यांस नफा किती झाला, हें कोणी दगडावर कोरून ठेविलें नाहीं. अठराशें वर्षांच्या आसपासचा काळ लोटल्यावर त्यांच्या नांवावर शिल्लक राहिलें आहे तें पाण्याचें एक टाकें. आमच्या जुन्नर, ओतूर, नारायणगांव, मंचर व घोडेगांव येथील व्यापारी वाचकांस या नोंदीची आठवण आज मुद्दाम करून देण्याचें कारण असें कीं, ज्या विषयावर आम्ही चार शब्द लिहीत आहों, तो त्यांच्या वखारीच्या उंबरठ्यावरचाच विषय आहे.

दरवर्षीं 4 मार्च हा दिवस आपल्या देशांत राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळण्यांत येतो, आणि 28 एप्रिल हा दिवस कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचा व आरोग्याचा दिवस म्हणून जगभर पाळला जातो. त्या दिवशीं भाषणें होतात, शपथा घेतल्या जातात, कोणाच्या तरी गळ्यांत हार पडतो. हाराला आमची हरकत नाहीं. ज्यांनीं परक्याच्या जिवासाठीं आपलें आयुष्य झिजविलें, त्यांचा मान समाजानें राखलाच पाहिजे. परंतु मान राखणें म्हणजे काय, हा प्रश्न हार घालण्यापूर्वीं स्वतःस विचारावयास हवा. कारण ज्या कार्यासाठीं तो हार, तेंच कार्य आपल्या दारांत उपेक्षित पडलें असेल तर तो हार उपहासाचा होतो.

आंबेगांव तालुक्याला आपल्या म्हाळुंगे पडवळ गांवच्या बाबू गेनू यांचा अभिमान आहे, आणि तो योग्यच आहे. 12 डिसेंबर 1930 रोजीं मुंबईस काळबादेवीच्या रस्त्यावर विलायती कापडानें भरलेल्या मोटारीपुढें हा तरुण आडवा झाला आणि चिरडून मेला. वयाची पुरतीं तेवीस वर्षेंही त्यानें पाहिलीं नव्हतीं. त्याच्या हौतात्म्याची कथा प्रत्येक शाळेंतील मुलाला ठाऊक आहे. परंतु तो मुंबईस कशाकरितां गेला होता? गिरणीची मजुरी करून पोट भरण्याकरितां. आमच्या तालुक्यांतून घाट उतरून जे हजारों तरुण त्या शहराकडे गेले, त्यांपैकींच तो एक. त्याचें मरण आपण लक्षांत ठेविलें. ज्या गिरणींत त्याच्यासारख्यांचे दिवस जात, तेथील जीवनाचा विचार मात्र आपण फारसा केला नाहीं. तो विचार ज्या पुरुषानें या देशांत प्रथम संघटितपणें केला, तोही आपल्याच शेजारचा. त्याचें नांव नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडे यांचा जन्म 1848 सालीं ठाणें येथें झाला. मूळ गांव मात्र खेड तालुक्यांतील कन्हेरसर, म्हणजे आंबेगांवच्या शिवेपासून फार दूर नव्हे. घरची गरिबी होती. पुढें मुंबईंत मांडवीच्या एका गिरणींत भांडारपालाची नोकरी त्यांस मिळाली, आणि मजुराचें जिणें त्यांनीं तेथें रोज डोळ्यांनीं पाहिलें. सूर्य उगवतांना यंत्रें चालूं होत आणि मावळेपर्यंत थांबत नसत; उन्हाळ्याच्या मोठ्या दिवसांत तेरा-चौदा तास उभ्यानें काम पडे. आठवड्याची सुट्टी अशी नव्हती. कापसाचा बारीक तंतू श्वासाबरोबर छातींत जाई, धागा तुटूं नये म्हणून खोल्यांतून दमट उष्मा राखला जाई, आणि उघड्या पट्ट्यांत हात सांपडला तर हातही गेला आणि नोकरीही गेली, असा हिशेब असे. 1881 सालीं पहिला कारखाने कायदा झाला खरा. परंतु त्यानें सात वर्षांखालील मुलास कामावर घेण्याची मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊं नये असें ठरविलें. सात वर्षांच्या मुलानें नऊ तास काम करावें, ही त्या काळची दया होती! वयांत आलेल्या स्त्री-पुरुषांच्या तासांविषयीं तर कायदा मुकाच होता.

सत्यशोधक समाजाच्या मुशींतून तयार झालेल्या लोखंड्यांनीं 1880 सालीं ‘दीनबंधु’ पत्र मुंबईंत आपल्या हातीं घेतलें आणि या मुक्या लोकांना वाचा दिली. सप्टेंबर 1884 मध्यें त्यांनीं गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. त्या वेळीं सरकारनें नेमलेल्या मंडळापुढें ठेवण्यासाठीं जो अर्ज तयार झाला, त्यावर सुमारें 5,500 कामगारांच्या सह्या होत्या. त्यांतील मागण्या आज वाचल्या तर मन थक्क होतें. रविवारीं पूर्ण सुट्टी असावी. दुपारीं अर्धा तास विसांवा मिळावा. काम सकाळीं साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावें. पगार पुढील महिन्याच्या 15 तारखेच्या आंत मिळावा. कामावर असतां इजा झाली तर बरा होईपर्यंत मजुराला वेतन मिळावें, आणि तो जन्माचा अपंग झाला तर त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी.

शेवटची मागणी वाचकांनीं पुन्हा एकदां वाचावी. ज्या काळीं कामावर तुटलेला हात हा मजुराच्या प्राक्तनाचा भाग समजला जात असे, त्या काळीं या माणसानें तो मालकाच्या हिशेबाच्या वहींत लिहावयास लाविला. इजा हें दैव नव्हे, तें देणें आहे, हा विचार आपल्या देशांत कायद्यांत उतरण्यास पुढें एकोणचाळीस वर्षें लागलीं. कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला तो 1923 मध्यें.

मालकांनीं 1884 चा अर्ज लगेच मानला असें नाहीं. परंतु लोखंडे थकले नाहींत. 24 एप्रिल 1890 रोजीं मुंबईंत सुमारें दहा हजार कामगारांची सभा झाली, आणि तींत दोन कामकरी स्त्रियांनीं उभें राहून भाषणें केलीं. 10 जून 1890 रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुट्टी मान्य केली. आज आमचे वाचक रविवारचें जें वर्तमानपत्र सवडीनें वाचतात, त्या सवडीचा एक मोठा धागा त्या सभेशीं जुळलेला आहे. 1891 च्या सुधारलेल्या कायद्यानें स्त्रियांचे तास अकरांवर आणिले, मुलांचें किमान वय नऊ केलें आणि आठवड्याची सुट्टी कायद्यांत घातली. अशा सवलतींनीं धंदा बुडेल अशी ओरड त्या वेळींही झाली होती. पण गिरण्या बुडाल्या नाहींत, त्यानंतर कित्येक वर्षें त्यांची संख्या वाढतच गेली.

1896 सालीं मुंबईंत प्लेग शिरला. ज्यांना गांव होतें ते गांवाकडे पळाले. लोखंडे पळाले नाहींत. रोगग्रस्त गरिबांच्या शुश्रूषेच्या खटपटींत असतां त्याच रोगानें त्यांस गांठलें, आणि 9 फेब्रुवारी 1897 रोजीं त्यांचा अंत झाला. एका महिन्यानें, 10 मार्च रोजीं, पुण्यास सावित्रीबाई फुले याही प्लेगच्या रोग्यांची सेवा करतांनाच गेल्या. मजुरांच्या आरोग्याचा कैवार घेणें हें कांहींच्या बाबतींत केवळ भाषणाचें काम नव्हतें, हें या दोन तारखा सांगतात. 2005 सालीं टपाल खात्यानें लोखंडे यांचें तिकीट काढलें. मुंबईंत परळ येथील राज्याच्या श्रमविज्ञान संस्थेस त्यांचें नांव देण्यांत आलें आहे. हा सन्मान उचितच झाला.

त्यांच्या मागून आलेल्यांनीं ती वाट रुंद केली. नारायण मल्हार जोशी यांनीं कायदेमंडळांत मजुरांची बाजू वर्षानुवर्षें मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं 1928 सालीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत प्रसूतीच्या रजेच्या विधेयकास पाठिंबा देतांना, हा भार राष्ट्रहिताचा आहे, ही दृष्टि ठेविली. तो कायदा 1929 मध्यें झाला. त्याच सुमारास त्यांनीं आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधलें. विणकामाच्या खात्यांत तुटलेला धागा तोंडानें ओला करून ओढावा लागे, आणि त्या विटाळाच्या भयानें अस्पृश्य कामगारांस त्या चांगल्या पगाराच्या खात्यांत शिरूं देत नसत. एकाच धाग्याला अनेकांचीं तोंडें लागून रोग पसरतील ही भीति कोणाला वाटली नाहीं. जातीची भीति मात्र सर्वांना वाटली. आरोग्याचा प्रश्न आणि माणुसकीचा प्रश्न एकमेकांपासून वेगळे काढतां येत नाहींत, याचा याहून बोलका दाखला मिळणें कठीण.

आणि व्यापाऱ्यांच्या अगदीं जवळचा दाखला पाहिजे असेल तर तो पुण्याच्या बाजारांतील आहे. डॉ. बाबा आढाव हे वैद्यकीचा व्यवसाय करणारे गृहस्थ. पाठीच्या मणक्यांचें आणि गुडघ्यांचें दुखणें घेऊन येणाऱ्या हमालाला औषध देऊन भागत नाहीं, त्याच्या पाठीवरचें पोतेंच हलकें झालें पाहिजे, हें ज्यांस उमगलें अशांपैकीं ते होते. त्यांनीं हमाल पंचायत उभी केली. शंभर किलोचें पोतें उचलणें हा ज्या काळीं बाजाराचा शिरस्ता होता, तेथें पन्नास किलोंची मर्यादा यावी म्हणून या चळवळीनें दीर्घ झुंज दिली. मुंबईंत अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यांतून 1969 चा माथाडी कायदा आला. मुंबईच्या बाजारांत बोजा वाहणाऱ्यांत आमच्या या दोन तालुक्यांतील कित्येक घरांचे कर्ते पुरुष होते व आहेत. त्या कायद्याचें मोल त्यांच्या घरच्यांस विचारावें.

इटलींत बर्नार्डिनो रामात्सिनी नांवाचा एक वैद्य होऊन गेला. कारागिरांच्या रोगांवर त्यानें 1700 सालीं ग्रंथ लिहिला. रोग्याला वैद्य जे प्रश्न विचारतात, त्यांत ‘तुझा धंदा कोणता?’ हा एक प्रश्न आणखी विचारावा, असा त्याचा आग्रह होता. प्रश्न साधा आहे. पण तो विचारला जाऊं लागल्यावर वैद्यकाला नवे डोळे आले. तोच प्रश्न आज आपण आपल्या दोन तालुक्यांस विचारून पाहूं.

आपल्याकडे गिरण्यांचीं धुराडीं नाहींत, म्हणून हा विषय मुंबईचा असें समजण्याचें कारण नाहीं. नारायणगांवच्या बाजारांत येणाऱ्या टोमॅटोच्या प्रत्येक क्रेटमागें आणि जुन्नरच्या द्राक्षांच्या प्रत्येक पेटीमागें फवारणी करणारा एक मजूर उभा आहे. पाठीवर पंप, तोंडाला फार तर जुना रुमाल, पायांत कांहीं नाहीं, आणि औषध कालविण्यास उघडा हात. 2017 सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कीटकनाशकांच्या विषबाधेनें वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले, ही गोष्ट कोणी विसरूं नये. औषधाच्या बाटलीवर रंगीत चौकोन असतो. तांबडा म्हणजे अति तीव्र विष, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि सर्वांत सौम्य हिरवा. दुकानदाराला हें ठाऊक असतें. मजुराला तें कोणी सांगितलें आहे काय? कित्येक औषधें कातडींतूनच शरीरांत जातात. घाम सुटणें, लाळ गळणें, मळमळ, डोळ्यांपुढें धूसर दिसणें, बुबुळें बारीक होणें, हीं लक्षणें दिसतांच काम थांबवून कपडे बदलावे, अंग साबणानें धुवावें, आणि रोग्याबरोबर ती बाटलीही डॉक्टरकडे न्यावी. कोणतें विष होतें हें कळलें तर योग्य उतारा वेळेवर देतां येतो. एवढें ज्ञान देण्यास खर्च किती? वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनें फवारूं नये, हें सांगण्यास तर कांहींच खर्च नाहीं.

दुसरी गोष्ट ऊसतोडीची. हंगामांत बाहेरच्या जिल्ह्यांतून तोडकऱ्यांच्या टोळ्या येतात आणि उसाच्या फडाशेजारीं पाचटाच्या नाहींतर ताडपत्रीच्या खोपींत राहतात. आमच्या दोन तालुक्यांत बिबट्यानें उसाला घर केलें आहे. मादी त्यांतच पिलांना जन्म देते. माणिकडोहचें बिबट्या निवारा केंद्र याच कारणानें सर्वत्र ठाऊक झालें. तोडणी सुरू झाली कीं बिबट्याचा आसरा जातो, आणि त्याच फडाच्या कडेला पहांटेच्या अंधारांत तोडकऱ्याची बायको वांकून मोळ्या बांधीत असते. तिचें मूल खोपीबाहेर निजलेलें असतें. ज्याच्या घराला भिंत आहे त्यानें दार लावून घ्यावें हें ठीक. पण ज्याला दारच नाहीं त्यानें काय लावावें? शिवाय तोडकरी स्त्रियांच्या आरोग्याची दैना कोणत्या थराला गेली होती, हें बीड जिल्ह्यांतील गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांच्या प्रश्नावर 2019 सालीं राज्यास समिती नेमावी लागली, यावरून दिसतें. एक दिवस खाडा पडला तर दंड, म्हणून अवयवच काढून टाकण्याची पाळी यावी, यांत समाजाची लाज आहे.

पश्चिमेकडील डोंगरी भागांत हिरडा वेंचणाऱ्या आदिवासी बांधवांचीही अशीच गोष्ट. उंच झाडावर चढून फांद्या झोडाव्या लागतात; पाय घसरला तर खालीं कातळ आहे आणि दवाखाना दूर आहे. हिरड्याचा भाव आपण बाजारांत करतों. त्या भावांत पडलेल्या माणसाच्या मोडक्या कमरेचा हिशेब कोठें धरलेला असतो?

कायद्यानें हें सर्व पाहावें, असें कोणी म्हणेल. कायदा हवाच; परंतु त्याचा हात किती लांब पोंचतो हेंही पाहावें. 1948 च्या कायद्यांत यंत्रशक्ति वापरणाऱ्या जागेंत दहा कामगार असले कीं तो कारखाना समजला जाई. 2020 ची जी श्रमसंहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलांत आली, तिनें ती संख्या वीस केली. प्रतवारी व पॅकिंगची शेड, छोटी पिठाची गिरणी, गुऱ्हाळ, लोखंडी कामाचें दुकान, हीं बहुतेक या रेषेच्या खालींच राहतात. म्हणजे आमच्या गांवांतील बहुसंख्य मजुरांच्या बाबतींत मालकाची सद्बुद्धि हाच पहिला निरीक्षक आहे. ही सद्बुद्धि झोपी गेली तर तिला जागें करणारा दुसरा कोणी नाहीं.

आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. पहिला खर्चाचा. त्याचें उत्तर 1890 च्या अनुभवांत आहे, आणि तें वर दिलेंच आहे. रबरी हातमोजे, चष्मा, मुखपट्टी यांची किंमत औषधाच्या एका बाटलीच्या आसपास येते. माणूस अंथरुणाला खिळला म्हणजे जी उसनवारी होते, ती कितीतरी अधिक. दुसरा आक्षेप असा कीं, मजूर स्वतःच साधनें वापरीत नाहीं, मुखपट्टी दिली तरी खिशांत ठेवतो. हें खरें आहे. उन्हांत मुखपट्टीनें जीव घुसमटतो, आणि रोजंदारी कामावर ठरलेली असली म्हणजे त्याला घाई असते. म्हणून फवारणी सकाळच्या थंड वेळीं ठेवावी आणि घाईचा मोबदला घाईवर न ठेवतां दिवसावर ठेवावा. मजुराचा निष्काळजीपणा पुष्कळदां मालकाच्या ठरावाचीच सांवली असतो. तिसरा आक्षेप लहान शेतकऱ्याचा: आपण स्वतःच फवारतों, आपल्यासाठीं कोणास सांगावें? त्यास आमचें उत्तर एवढेंच कीं, बाबारे, तूंही मजूरच आहेस. तुझा जीव तुझ्या घरच्यांच्या मालकीचा आहे.

आतां करावयाचें काय? आमच्या सूचना चारच आहेत. पहिली, प्रत्येक बाजारपेठेंत व्यापाऱ्यांनीं एकत्र बसून ठराव करावा कीं पन्नास किलोंहून जड पोतें आमच्या वखारींत हमालाच्या पाठीवर चढणार नाहीं. दुसरी, औषध विकणाऱ्या प्रत्येक दुकानदारानें बाटलीबरोबर रंगाचा अर्थ मराठींत तोंडी सांगावा, आणि हातमोजे व मुखपट्टी विकत घेण्याचा आग्रह धरावा. तिसरी, ज्याच्या शेतांत तोड चालू आहे त्यानें टोळीला उजेडाची, पाण्याची आणि मुलांना रात्रीं निजण्यासाठीं बंदिस्त जागेची सोय करून द्यावी. मग ती समाजमंदिराची ओसरी असो कीं शाळेची पडवी. चौथी, प्रत्येक बाजार समितींत व ग्रामपंचायतींत अपघातांची एक वही ठेवावी. कोण, केव्हां, कशानें जखमी झाला, एवढेंच तींत लिहावें. जें लिहिलें जात नाहीं तें घडलेंच नाहीं असें मानण्याची संवय माणसाला असते. लोखंड्यांनीं 5,500 सह्या गोळा केल्या त्या याच संवयीवर.

आणि सन्मान? तो अवश्य करावा. 9 फेब्रुवारी या दिवशीं नारायण मेघाजींचें स्मरण करून, ज्यानें त्या वर्षीं आपल्या बाजारांत किंवा शिवारांत कोणाचा जीव वांचविला, त्याला सर्वांसमक्ष पुढें बोलवावें. तो मुकादम असेल, गांवची आशाताई असेल, आरोग्यसेविका असेल, नाहींतर ‘एवढा बोजा उचलणार नाहीं’ असें म्हणून सोबत्यांसाठीं रोज बुडविणारा एखादा हमाल असेल. अशा माणसाला आपण आज बहुधा भांडखोर म्हणतों. त्याच्या भांडणामुळें किती घरांत चूल पेटती राहिली, हें मोजण्याचें माप आपल्याकडे नाहीं. कारण जो अपघात टळतो तो कोणालाच दिसत नाहीं. म्हणूनच अशा माणसांचा मान समाजानें मुद्दाम आठवून करावा लागतो.

जुन्नरच्या त्या जुन्या धान्यव्यापाऱ्यांनीं दगडांत टाकें खोदलें. आजच्या व्यापाऱ्याला छिन्नी-हातोडा उचलण्याची गरज नाहीं. त्यानें आपल्या पोत्याचें वजन कमी करावें, आपल्या दुकानाच्या फळीवर विषाशेजारीं हातमोजे ठेवावे, आणि परगांवच्या मजुराच्या मुलाला रात्रीपुरतें दार असलेलें छप्पर द्यावें. एवढें झालें तर पुढच्या पिढीला आपल्या नांवाचा शिलालेख शोधीत डोंगर चढावा लागणार नाहीं.